इकार आधी की अक्षर आधी

पुण्याच्या नारायण पेठेतील छपाईचा इतिहास सांगताना केसरीवाडा आणि देवनागरीचे खिळे कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी केलेली खटपट यांचा उल्लेख होतोच. खिळे गेले, पण जुळाऱ्याच्या हाताचा क्रम मागे उरला, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. खिळे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने लागत. म्हणून ‘दिवस’ जुळवताना ऱ्हस्व इकार आधी, द नंतर. युनिकोडपूर्व संगणकी फाँटांनी तोच क्रम उचलला. उलट इस्की या भारतीय लिपींच्या संगणकी मानकाच्या १९९१च्या आवृत्तीने, आणि त्याच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेल्या युनिकोडने, उच्चाराचा क्रम धरला. जुन्या फाइलीत ‘मार्मिक’ हा शब्द म, काना, इकार, म, रफार, क असा असतो. युनिकोडमध्ये रफाराचा र् दुसऱ्या म-च्या आधी येतो आणि इकार त्या म-च्या नंतर जातो.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याबद्दल काही जण म्हणतात, चिन्हासमोर चिन्ह लिहिलेला तक्ता करा, रूपांतर झाले. असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या आज्ञा शब्दांत लिहिण्याची भाषा, हीदेखील दोन पद्धतींनी लिहितात आणि तिचा अनुभव याविरुद्ध आहे. इंटेलच्या लेखनात ‘मूव्ह’ या आज्ञेत मूल्य जिथे जायचे ते आधी लिहितात, एटी अँड टीच्या लेखनात शेवटी. इतकेच असते तर उलटापालट पुरली असती. पण एटी अँड टीच्या पद्धतीत अपूर्णांकी वजाबाकीच्या ‘एफसब’ आणि ‘एफसबआर’ या आज्ञांची नावे काही रूपांत अदलाबदल झालेली आहेत, आणि जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ती चूक तशीच जपली आहे. तिथे नुसता तक्ता वजाबाकीची बाजूच फिरवतो. आज्ञा पूर्ण वाचूनच रूपांतर करावे लागते. मराठीतही तसेच: ‘शक्तिमान’मधला इकार कुठवर सरकवायचा हे क् आणि त मिळून एक अक्षर होते, हे ओळखल्याशिवाय ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छापून ताडून पाहिले की चुका कळतीलच. असेंब्लीत दोन्ही रूपे यंत्रसंकेतात उतरवून बाइट न् बाइट जुळवता येतात, मराठीत कागद तेवढी साक्ष देत नाही. ‘आ’ एकसंध साठवला आहे की अ आणि काना असा जोडून, हे छापील पानावर दिसेलच असे नाही. शोध घेताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. जुने अंक आणि पुस्तके पुढच्या वाचकाला शोधता यावीत असे वाटत असेल, तर मुद्रितशोधकाच्या नजरेबरोबरच प्रत्येक अक्षराची साठवण नियमात बसते का, हे तपासणारा प्रोग्रामही लागेल.