मनाच्या जखमेची मोजदाद

अंगांतील ताप पारा सांगतो, मोडलेलें हाड क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. परंतु मोठ्या आघातानंतर मनांत घर करून राहिलेली भीति कशानें मोजावी? गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनीं या प्रश्नास दिलेलें एक उत्तर अगदीं साधें आहे: ज्याचें दुखतें त्यालाच विचारावें.

पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमारांतून परतलेले धडधाकट शिपाई थरथर कांपत. कोणाची वाचाच जाई. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानें ‘शेल शॉक’ हें नांव वैद्यकीय लेखनांत आणिलें. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरल्यावर रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानें, असा आघात ज्यांना सोसणार नाहीं ते लोक भरतीच्या वेळींच ओळखतां यावेत म्हणून, ११६ प्रश्न तयार केले. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. ते वापरांत येण्यापूर्वींच युद्ध संपलें. पद्धति मात्र टिकली. १९७९ सालीं हॉरोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १५ विधानांची प्रश्नावली केली. नकोशी आठवण गेल्या सात दिवसांत किती वेळां आली, ती टाळण्याचा यत्न किती केला, हें तींत विचारलें होतें. १९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघानें या विकारास आपल्या ग्रंथांत स्वतंत्र स्थान दिलें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील जवळजवळ ८ हजार माणसें गेलीं. योगायोग असा कीं, पुढल्याच महिन्यांत अमेरिकेंतील एका परिषदेंत १७ लक्षणांची नवी यादी मांडली गेली. २०१३ सालच्या सुधारित यादींत २० लक्षणें आहेत. गेल्या महिन्यांत प्रत्येकाचा त्रास किती झाला यास ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढें गेली तर अधिक तपासणी करावी, असा संकेत आहे.

भूकंपांतून वांचलेल्यांची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांनीं केली. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालाप्रमाणें, तपासलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस मानसिक विकार होता. त्यांत हा आघातविकार व खिन्नता मुख्य.

अशा ठिकाणीं प्रश्नावलीची खरी कसोटी लागते. अक्षरओळख नसलेल्या बाईस प्रश्न वाचून दाखवावा लागतो. ‘तुम्हांस ताण जाणवतो काय?’ या पुस्तकी प्रश्नास ती ‘नाहीं’ म्हणेल. ‘छातींत धडधडतें का? झोंप उडते का?’ असें पुसलें तर बोलूं लागेल. म्हणून मराठी भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजींत करवून मुळाशीं ताडून पाहण्याची रीत आहे.

आज मराठवाड्यांतील कितीतरी कुटुंबें पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांवर पोट भरतात. प्रेस यंत्रांत बोट गमावलेल्या कामगारापुढें मुकादमानेंच कागद ठेविला, तर नोकरीच्या धास्तीनें तो लिहील, ‘कांहीं त्रास नाहीं.’ तेच प्रश्न डॉक्टरनें एकांतांत विचारले, तर उत्तर निराळें येण्याचा संभव आहे.

म्हणून आंकडा मोठा आला म्हणजे रोग ठरला असें नव्हे, आणि लहान आला म्हणजे माणूस बरा आहे असेंहि नव्हे. कागद विचारण्यास आरंभ करून देतो. पुढें ऐकून घेणारा आणि उपचार करणारा माणूस लागतोच.