साठ माणसं आणि शाईचे डाग

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि मानसोपचाराच्या पुस्तकांत तो आजार. या निदानाचा पाया मात्र कच्चा होता. डॉक्टरांनी पाहिलेले समलिंगी पुरुष बहुतेक करून तुरुंगातले किंवा दवाखान्यातले. फक्त इस्पितळात फिरून अख्खं गाव आजारी ठरवावं, तसलाच हा प्रकार!

लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांना एका माजी विद्यार्थ्यानंच गळ घातली : आमच्यासारख्यांचा अभ्यास करा. 1953 मध्ये त्यांनी सरकारी अनुदानासाठी अर्ज केला आणि ते मिळालं. उपचार घेत नसलेले 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुष त्यांनी निवडले. वय, शिक्षण, बुद्ध्यंक जुळवून जोड्या लावल्या. सहभागींची नावं फुटली असती तर कित्येकांची नोकरी गेली असती, म्हणून मुलाखती हूकर यांच्या घरीच होत.

मग शाईच्या डागांत काय दिसतं ते विचारणाऱ्या रोर्शाक चाचणीचे निकाल, कोण कोणत्या गटातला हे लपवून, तज्ज्ञांपुढे ठेवले गेले. त्यांत या चाचणीतले अधिकारी मानले जाणारे ब्रूनो क्लॉप्फरही होते. समलिंगी कोण, हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. दोन्ही गटांतल्या दोन तृतीयांश पुरुषांचं मानसिक समायोजन सर्वसाधारण किंवा त्याहून चांगलं ठरलं.

एका प्रयोगानं पूर्वग्रह संपत नाही. पण या अभ्यासावरच्या हूकर यांच्या 1957 च्या निबंधानं पुरावा देण्याचं ओझं आरोप करणाऱ्यांवर टाकलं, हे त्याचं खरं मोल. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती डिसेंबर 1973 मध्ये. भारतात सर्वोच्च न्यायालयानं ती गुन्ह्यांतून वगळली 6 सप्टेंबर 2018 रोजी.