मोठा वाटा : वऱ्हाडच्या हास्यपरंपरेतील एक धागा

१

ताटात दोन लाडू आहेत, एक मोठा व एक लहान. जेवणारे दोघे आहेत. पहिला निःसंकोचपणे मोठा लाडू उचलतो. दुसरा दुखावून म्हणतो, "तुमच्या जागी मी असतो, तर लहान उचलला असता." पहिला उत्तरतो, "मग लहानच तुमच्या वाट्याला आला आहे. तक्रार कशाची?"

हा विनोद कोणत्याही एका भाषेच्या मालकीचा नाही. नावे व पदार्थ बदलून तो अनेक देशांत सांगितला जातो. इटलीतील जुन्या मुखवटा-नाट्यातील भुकेल्या नोकरापासून मूकपटातील विदूषकापर्यंत त्याची रूपे दाखविता येतील. तथापि त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. हसू येते ते खाण्याच्या प्रमाणामुळे नव्हे. एकट्या माणसाने दोन्ही लाडू खाल्ले तर तो केवळ खादाड ठरतो, त्यात विनोद असेलच असे नाही. विनोदासाठी दोन वाटे, दोन वाटेकरी आणि उभयतांना मान्य असलेला एक अलिखित नियम लागतो. मोठा वाटा दुसऱ्यासाठी ठेवावा, हा तो नियम होय. पहिल्याने तो उघडपणे मोडला. दुसऱ्याच्या मनातही मोठाच लाडू होता, परंतु तो त्याला आग्रहाने मिळावयास हवा होता, हे त्या उत्तराने उघडे पडले. म्हणजे येथे हावरेपणाबरोबर शिष्टाचाराचीही थट्टा आहे.

या दृष्टीने पाहता मोठ्या वाट्याचा विनोद हे वाटणीच्या इतिहासाचे एक साधन ठरते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा, म्हणजेच वऱ्हाडाच्या मध्यभागाचा, या साधनाच्या आधारे विचार केला असता एक वेगळेपण नजरेस येते. अन्यत्र जो हात विदूषकाचा आहे, तो येथे वारंवार देवाचा किंवा साधूचा झालेला दिसतो, आणि हसू खाणाऱ्यावरून सरकून वाटणीच्या नियमावर येते.

२

प्रथम शब्दांकडे वळणे योग्य ठरेल. 'वाटा', 'वाटणे', 'वाटणी' या शब्दांच्या मुळाशी भाग करणे हा अर्थ असलेला संस्कृत 'वण्ट्' धातू आहे. शेत, घर आणि अन्न या तिन्हींना मराठीत एकच शब्द चालतो. भावाभावांत होते ती वाटणी, आणि मुलांच्या हातावर खाऊ ठेवला जातो तीही वाटणीच. 'एक तीळ सातजणांनी वाटून खावा' या म्हणीत भागाचा आकार जवळजवळ शून्यावर येतो, पण वाटेकऱ्यांची संख्या कमी होत नाही. आदर्श सांगावयाचा तर तो असा सांगितला आहे.

'पंक्ती'पासून 'पंगत' आली, आणि पंगतीबरोबर 'पंक्तिप्रपंच' हा शब्द. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना आपपरभाव करणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कोणत्याही पक्षपातासाठी तो रूढ झाला. अन्नाच्या वाटपातील अन्यायासाठी भाषेने स्वतंत्र शब्द घडविला आणि मग तोच शब्द न्यायान्यायाच्या सर्वसामान्य व्यवहारात वापरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. वाढप्या ओळखीचा असला की पंगतीत कोठेही बसावे, ही लोकोक्ती याच अन्यायाची हसतमुख बाजू दाखविते. मोठा वाटा येथे कोणी उचलत नाही, तो पळीतून आपोआप पानात येतो.

याउलट 'सिंहाचा वाटा' हा वाक्प्रचार इसापाच्या कथेवरून आलेला आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे शालेय वाचनातून अशा कथा घरोघर पोहोचल्या. मूळ कथेत सिंह शिकारीचे सर्व भाग धाकाने बळकावतो. आजच्या मराठीत मात्र एखाद्या कार्यात कोणाचा 'सिंहाचा वाटा' असला की तो गौरव समजला जातो. घेण्याचा वाटा येथे देण्याचा झाला आणि कथेतील उपरोध गळून गेला. मोठ्या वाट्याविषयीचे हसू टिकून राहण्यास लहान वाटा मिळालेल्याची आठवण आवश्यक असते, हे या एका अर्थांतरावरूनही दिसते.

३

संस्कृत रंगभूमीने अन्नाची हाव विदूषकाच्या स्वाधीन केली. 'विक्रमोर्वशीया'तील विदूषकाला उगवता चंद्र साखरेच्या मोदकासारखा दिसतो, आणि खादाडाला सर्वत्र खाण्याचेच सुचते, असा टोला त्याला राजाकडून मिळतो. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यात स्वयंपाकघराशी थबकतो आणि आपल्याला कोणी पाय धुण्यास पाणी देऊन जेवावयास बसवील काय, याचा विचार करू लागतो. 'स्वप्नवासवदत्ता'तील वसंतक तर मगधराजाच्या पाहुणचाराने अपचन होऊन त्रासलेला आहे. गो. के. भट यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात या पात्राचा विस्तृत परामर्श घेतला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की हा विदूषक राजाचा मित्र व जातीने ब्राह्मण आहे. पंगतीतील त्याचे स्थान कोणी नाकारलेले नाही. त्याच्या हावेला हसणे निर्धोक आहे, कारण ती हक्काच्या पानावरची हाव आहे.

विदर्भाचा या परंपरेशी दुहेरी संबंध येतो. 'मालविकाग्निमित्रा'ची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, आणि नाटकाच्या शेवटी अग्निमित्र वरदा, म्हणजे वर्धा, नदी ही सीमा ठरवून विदर्भराज्य दोघा चुलतभावांत वाटून देतो. राज्याची अशी समतोल वाटणी ज्या नाटकात होते, त्याच नाटकात गौतम विदूषक ऐन नृत्यपरीक्षेनंतर भोजनवेळेची आठवण करून देतो. दुसरा संबंध भवभूतीचा. आपले घराणे पद्मपूरचे असल्याचे तो सांगतो, आणि वा. वि. मिराशी यांनी ते गाव पूर्व विदर्भात आमगावजवळ निश्चित केले आहे. या विदर्भीय कवीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. तरीही अन्नाचे हास्य त्याने पूर्णपणे टाळले नाही. 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकारंभी आश्रमातील एक बटू आदरणीय अतिथी वसिष्ठांच्या भोजनावर शेरा मारतो आणि त्यांना वाघाची किंवा लांडग्याची उपमा देतो. भवभूतीने हावरा सेवक न दाखविता पूज्य अतिथीच्या पानाकडे बोट दाखविले. हास्याचा विषय असा वरच्या पायरीवर गेला. वऱ्हाडात पुढे जे घडले त्याच्याशी याचा ऐतिहासिक संबंध जोडता येणार नाही, पण साम्य नोंदविण्याजोगे आहे.

४

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पुण्यक्षेत्र. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत असत. म्हाइंभटाच्या नावावर असलेले त्यांचे चरित्र वि. भि. कोलते यांनी संपादून मराठी वाचकांपुढे ठेवले, आणि १९८४ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. लहान लहान प्रसंगांच्या या ग्रंथात अन्नाचे प्रसंग विपुल आहेत. राऊळ बाजारात हिंडतात, दुकानातील पदार्थ विचारल्यावाचून उचलतात, चाखतात, टाकतात. लोकांच्या घरांत शिरून ते खाणे मागतात. महदाइसेकडे ढिढरे, म्हणजे आजचे धिरडे, मागण्याची लीळा तर मुलाच्या हट्टासारखी रंगली आहे. चक्रधरांनाही रिद्धपूरच्या बाजारातच राऊळांनी चाखलेला खाद्यपदार्थ प्रसाद म्हणून मिळाला, आणि पंथाच्या श्रद्धेनुसार त्या उष्ट्या घासातून ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला.

वर्तनाचा बाह्य आकार पाहिला तर हा विदूषकाचाच हात आहे. न विचारता घेणे, दुसऱ्याच्या वाट्याचे घेणे, भर बाजारात घेणे, ही सर्व लक्षणे येथे आहेत. गावकऱ्यांनी त्यांना वेडे म्हटले, आणि त्याच गावकऱ्यांनी माय व बापही म्हटले. परंतु येथे दोन फरक आहेत. पहिला असा, की घेतलेले अन्न साठत नाही. ते अर्धवट खाल्ले जाते, फेकले जाते किंवा दुसऱ्याच्या हाती जाते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. हा हात ज्या घरांत शिरतो ती घरे एका पंगतीतील नाहीत. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्याकडेही राऊळ जात, आणि तेथून उच्चवर्णीयांच्या घरी येत. त्यामुळे उच्चवर्णीयांत तक्रार उठे. तक्रार अन्न किती खाल्ले याची नव्हती. पंगतीची रेषा पुसली गेली, ही होती. विदूषक नियम मोडतो आणि नियम तसाच राहतो. येथे नियम मोडला जाताना नियम कोणासाठी होता हेही दिसू लागते.

५

रिद्धपूरलाच महदाइसेने 'धवळे' रचले. त्याचा विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा आहे. रुक्मिणी ही विदर्भाची कन्या, आणि तिचे माहेर म्हणून अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर दाखविले जाते. मोठ्या वाट्याच्या विनोदाचा भारतीय परंपरेतील अत्यंत कोमल प्रसंग याच रुक्मिणीच्या उपस्थितीत घडतो. भागवताच्या दशम स्कंधात दरिद्री बालमित्र कृष्णाच्या भेटीस येतो. पत्नीने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे त्याच्या फडक्यात बांधलेले असतात. संकोचाने तो ते लपवितो. कृष्ण ते हिसकावून घेतो, एक मूठ खातो आणि दुसरी उचलतो, तोच रुक्मिणी त्याचा हात धरते.

येथे हावरा हात यजमानाचा आहे. मालमत्ता त्याच्याकडे आहे आणि पोहे पाहुण्याचे आहेत, तेही उसने. वाटणीच्या हिशेबाने पाहिले तर ही लूट ठरावी. पण हिसकावण्यानेच त्या अन्नाला किंमत येते, आणि लपविणाऱ्याची लाज संपते. 'घ्या ना जी' म्हणून पाहुण्यास आग्रह करण्याची वऱ्हाडी रीत येथे उलटी झाली आहे. आग्रहाची वाट न पाहता यजमानच घेतो.

ही कथा वऱ्हाडाच्या आधुनिक विनोदालाही नाव देऊन गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचा जन्म नागपूरचा, शिक्षणाचा प्रारंभीचा काळ अकोल्याचा आणि वकिली अकोला, खामगाव व जळगाव (जामोद) येथील. १९०२ मध्ये 'साक्षीदार' या लेखाने त्यांच्या विनोदी लेखनास आरंभ झाला. १९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह 'अठरा धान्यांचे कडबोळे' या नावाने निघाला, आणि १९२३ मध्ये तोच वाढून बत्तीस लेखांचे 'सुदाम्याचे पोहे' झाला. दोन्ही नावे खाद्यपदार्थांची आहेत. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट श्रावणी, गणेशचतुर्थी, शिमगा अशा प्रसंगांतून हिंडते आणि रूढींचे समर्थन करता करता त्यांचे हसे करते. ज्या वर्गाला पंगतीचा पहिला मान होता, त्याच वर्गातील लेखकाने त्या वर्गाच्या आचारावर केलेले हे हास्य होय. विदूषकाच्या हक्काच्या पानावर आता लेखकाची नजर पडली होती.

६

तथापि या हास्याची एक मर्यादाही आहे. मोठा वाटा हास्यास्पद ठरण्यास लहान का होईना, पण दुसरा वाटा असावा लागतो. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे साडेसत्तावीस लाख भरली, म्हणजे १८९१ पेक्षा कमी. सरकारी मदतीच्या कामांवर मजुरी व धान्य मोजून मिळे. तेथे दुसऱ्याच्या घासावर पडणारा हात हा विनोद नव्हता.

दुष्काळ नसतानाही गावाच्या एका भागाला पंगत नव्हती, होते ते बलुते. खळ्यावर ठरल्याप्रमाणे धान्य किंवा पेंढ्या मागावयाच्या, आणि मागताना हावरेपणाचा ठपका सोसावयाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात खळ्याभोवती जमणाऱ्या मागणाऱ्यांचे वर्णन मार्मिक व उपहासगर्भ आहे, पण ते खळ्याच्या मालकाच्या बाजूने पाहिलेले आहे. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा तोच वाटा घेणाऱ्याच्या बाजूने प्रथमच इतक्या ठळकपणे दिसला. दोन्ही ग्रंथ वऱ्हाडाबाहेरचे असले, तरी बलुत्याची ही रीत वऱ्हाडातही होती. हक्काने वाटा मागणाऱ्याला अधाशी म्हणून हसणे, ही या विनोदाची सर्वांत जुनी व सर्वांत क्रूर लबाडी होय.

तिला वऱ्हाडातच एक प्रत्यक्ष उत्तर मिळाले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, आणि बालपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे मामाकडे गेले. ऋणमोचनच्या यात्रेत व अन्य ठिकाणी त्यांनी अंध, अपंग व निराधार लोकांच्या पंगती बसविल्या. स्वतः मात्र त्या पक्वान्नांस हात न लावता मागून आणलेली भाकर मडक्याच्या खापरात खाल्ली. मोठ्या वाट्याच्या खेळाची ही नेमकी उलट मांडणी आहे. ज्याच्या हातात सर्व अन्नाची व्यवस्था आहे तो सर्वांत लहान वाटा घेतो, आणि ज्याला कधी पानच मिळाले नाही त्याला पोटभर वाढले जाते. अशा माणसाच्या कीर्तनात लोक मनमुराद हसत. त्या हसण्याचा रोख भुकेल्यांवर कधी नसे. तो देवाच्या नावाने बोकड मारणाऱ्यांवर आणि ऋण काढून जेवणावळी घालणाऱ्यांवर असे.

सारांश, रिद्धपूरच्या राऊळांचा बाजारातील हात, रुक्मिणीने धरलेला कृष्णाचा हात, कोल्हटकरांच्या सुदाम्याची मूठ आणि गाडगे महाराजांचे खापर यांत सलग परंपरा आहे, असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु या प्रत्येक ठिकाणी वऱ्हाडाने खादाडाला हसून प्रश्न मिटविलेला नाही. वाढणारा कोण, पंगतीत कोण आणि पंगतीबाहेर कोण, हे पाहण्यास त्याने भाग पाडले आहे. लोककथा, दंडारीतील संवाद व लग्नघरच्या गमती यांचे संकलन करणाऱ्यांनी म्हणून विनोदाचे शब्द टिपून थांबू नये. तो सांगताना पळी कोणाच्या हातात होती, आणि हसणाऱ्यांत लहान वाट्याचा धनी होता किंवा नाही, याचीही नोंद त्यांनी करावयास हवी.