एका भाताच्या दोन पंगती

पंगतीची गोष्ट निघाली की आपण दोन प्रश्न विचारतो. पानात काय वाढले होते, आणि चव कशी होती? इतिहासाचा मास्तर मात्र तिसराच प्रश्न विचारतो : बसले कोण होते आणि वाढत कोण होते? वाचकहो, आज मी तुम्हाला इंडोनेशियाच्या पंगतीला नेणार आहे, ते हा तिसरा प्रश्न बरोबर घेऊनच.

प्रथम पानाकडे पाहू. २०१८ साली इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने आपल्या देशाचे म्हणून पाच पदार्थ निवडले : सोतो, साते, रेंदांग, नासी गोरेंग आणि गादो-गादो. सोतो म्हणजे हळद-मसाल्याचा, बहुधा मांसाचा, पातळ रस्सा. साते म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. नासी गोरेंग तर आपल्या ओळखीचाच. रात्री उरलेल्या भाताला आपल्याकडे सकाळी फोडणी बसते ना, तसाच हा परतलेला भात. फक्त त्यात सोयाबीनचा गोडसर काळा रस पडतो आणि वर बहुधा एक अंडे येते. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि त्यांवर भुईमुगाच्या दाण्यांची तिखट-गोड चटणी. हे वर्णन मी घरी वाचून दाखवले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीरच की!"

त्यांचे म्हणणे अगदीच काही चुकीचे नाही. भुईमूग आणि मिरची या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या पाहुण्या. त्या त्यांच्याकडेही समुद्रावरून आल्या, आपल्याकडेही. शब्दांचे नाते तर त्याहून जुने आहे. चवीला ते 'रासा' म्हणतात, म्हणजे आपला रस. साखरेला 'गुला', म्हणजे गूळ. धन्याला 'केतुंबार' म्हणतात. संस्कृतातल्या ज्या कुस्तुंबरीपासून आपली कोथिंबीर निघाली, तिचीच ही दुसरी लेक.

आता वाढणाऱ्यांकडे वळू. डच लोक या बेटांवर तीनशे वर्षांहून अधिक काळ व्यापारी म्हणून आणि मग धनी म्हणून राहिले. त्यांना इथले जेवण आवडले, पण इथल्यासारखे जेवणे आवडले नाही. जावाच्या शेतकऱ्याच्या पानात भात, एखादी भाजी, थोडे कोरड्यास आणि पाट्यावर वाटलेला सांबाल नावाचा मिरचीचा ठेचा एवढेच असे. डच मळेवाल्याने काय केले? जावाचा साते घेतला, सुमात्राचे रेंदांग घेतले, आणखी पाचपन्नास पदार्थ गोळा केले आणि सगळे एकाच वेळी टेबलावर मांडले. याला त्यांनी नाव दिले 'रेइस्टाफल', म्हणजे भाताचे टेबल. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, 'होटेल देस आंद' नावाचे मोठे हॉटेल होते. तिथे दुपारच्या जेवणाला पागोटे बांधलेले वाढपी एकामागे एक रांगेने येत. प्रत्येकाच्या हाती एकच पदार्थ! अशा नोकराला 'जोंगोस' म्हणत. पोऱ्या या अर्थाच्या डच शब्दावरून ते आले. पोऱ्याचे केस पिकले तरी तो पोऱ्याच!

त्या टेबलाची किंमत कोण देत होता? १८३० साली गव्हर्नर जनरल फान डेन बॉश यांनी जावात सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. शेतकऱ्याने गावच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यावा, असा कागदावरचा नियम. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जमीन जास्त गेली आणि श्रम तर त्याहून जास्त गेले. जो भात लावायचा, त्याला भाताच्या वेळेला उसात राबावे लागले. १८४० नंतरच्या दशकात आधी चिरेबोन आणि मग डेमाक, ग्रोबोगान या भागांत दुष्काळ पडले, माणसे उपाशी मेली, गावे ओस पडली. हॉलंडच्या तिजोरीत मात्र याच काळात जावाचा पैसा ओतला जात होता. एकाच भाताच्या या दोन पंगती. एकीला वाढप्यांची रांग, दुसरीला भातच नाही.

गरिबाला आधार होता तो टेंपेचा. सोयाबीन शिजवून, टरफले काढून, केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधून ठेवतात. एकदोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी धरते आणि दाणे एकमेकांना चिकटून वडी तयार होते. ती तळली की कोरड्यास झाले. १८१५ च्या सुमाराच्या 'सेरात चेंतिनी' या जावानीज ग्रंथात टेंपेचा उल्लेख आहे, म्हणजे पदार्थ जुनाच. गरिबाचे मांस ते हेच. म्हणूनच की काय, त्याला मान नव्हता. स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्णो यांनीसुद्धा आपल्या लोकांना टेंपेसारखे मऊ राष्ट्र होऊ नका, असे बजावले होते.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि चार वर्षांच्या झुंजीनंतर, १९४९ च्या डिसेंबरात, डचांनी ती मान्य केली. धनी गेले आणि वाढप्यांची रांग मोडली. भाताचे टेबल मुख्यतः हॉलंडात जाऊन राहिले. तिथल्या इंडोनेशियन खाणावळींत ते आजही मांडले जाते. इकडे सुकार्णो सरकारने एक नवलाचे काम हाती घेतले. बेटाबेटांवरून पाककृती मागवून एक राष्ट्रीय पाकग्रंथ तयार करायचा! 'मुस्तिकारासा', म्हणजे चवीचे रत्न, असे त्याचे नाव. सोळाशेहून अधिक कृतींचा हा ग्रंथ १९६७ साली निघाला. त्याच वर्षी सुकार्णोंच्या हातची सत्ता गेली. ज्या वर्षांत तो रचला जात होता, त्या वर्षांत तांदळाची टंचाई होती आणि सरकार लोकांना मका खायला सांगत होते. पोटाला कमी असताना चवीचा ग्रंथ कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, दुसऱ्याने मांडलेले टेबल उठल्यावर आपले पान आपण मांडायचे, याची ती धडपड होती.

आणि परदेशी माणूस? तो आजही तिथे राहतो, आवडीने जेवतो. बराक ओबामा लहानपणी, १९६७ पासून चार वर्षे, जकार्तात राहिले होते. २०१० च्या नोव्हेंबरात ते अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून तिथे गेले, तेव्हा विद्यापीठातल्या भाषणात त्यांना आठवले ते रस्त्यावरून साते आणि बाक्सो विकणाऱ्यांचे ओरडणे. बाक्सो म्हणजे मांसाच्या गोळ्यांचा रस्सा, चिनी लोकांनी आणलेला आणि आता घरचा झालेला. पाहा, आठवण राहिली ती हातगाडीची!

आता रेंदांगकडे येतो. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत घर आणि वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. तरुण मुलगे नशीब काढायला गाव सोडतात. रेंदांग हा त्यांच्या शिदोरीला साजेसा पदार्थ. मांस नारळाच्या रसात, मिरची, कुळंजन आणि गवती चहा घालून तासन् तास शिजवायचे. रस आटतो, तेल सुटते, मांस काळपट होते आणि बरेच दिवस टिकते. या तरुणांनी शहराशहरांत खाणावळी काढल्या. गावाच्या नावावरून त्यांना 'पादांग' म्हणतात. तिथे वाढपी दहाबारा बश्या एकाच हातावर रचून आणतो आणि सगळ्या तुमच्यापुढे मांडतो. जे खाल त्याचेच पैसे. न शिवलेली बशी परत जाते.

म्हणजे पदार्थ पुष्कळ, तसेच मांडलेले. फरक एवढाच की वाढणारा पुष्कळदा मिनांगकाबाऊच असतो, खाणावळ त्याच्या माणसांची असते आणि बाकावर हमाल, कारकून, परदेशी इंजिनिअर शेजारी शेजारी बसतात. सगळेच सुटले असे मात्र नव्हे. २००८ च्या जानेवारीत सोयाबीनचे भाव भडकले, तेव्हा टेंपे करणारे हजारोंनी जकार्तात रस्त्यावर उतरले. कारण गरिबाच्या वडीतला बराचसा दाणा आता परदेशातून येतो.

तेव्हा कधी नासी गोरेंगचा घास घेतलात, तर चव जरूर सांगा. पण मास्तरचा तिसरा प्रश्न विसरू नका. तो आपल्या घरच्या पंगतीलाही लागू आहे.