आणेवारी ते फोटॉन

इंग्रजी अमदानीत पिकाचा अंदाज नजरेनंच बांधला जाई. यंदा पीक दहा आणे की बारा, हे गावकामगार बांधावर उभा राहून ठरवी आणि त्या आकड्यावर सरकारचा धान्याचा हिशेब चाले.

1940 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात आले. फर्ग्युसनचे पदवीधर, पुढे लंडनला शिकलेले. नजरेचा अंदाज बाजूला सारून त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. यात गाव, शेत आणि शेतातली जागा, सारं काही यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरतं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूनं अमुक पावलं, मग रुंदीच्या बाजूनं तमुक पावलं. तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, चौकटीतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. दोन हातांवर कणसं दाट दिसली तरी खुंटी हलवायची नाही. सगळी शिस्त या शेवटच्या नियमात आहे.

चौकट केवढी असावी, यावरून सुखात्म्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. चौकट लहान असली की कडेवरची ताटं आत धरली जातात आणि उतारा फुगतो, असं सुखात्म्यांनी 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं.

गाव-शेत निवडायला लागणारे यादृच्छिक अंक तेव्हा छापील मिळत. संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी 1927 मध्ये ब्रिटिश जनगणनेच्या अहवालांतून 41,600 अंक वेचून पुस्तिका काढली होती. 1955 मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेनं विजेच्या यंत्रातून काढलेल्या दहा लाख अंकांचा ग्रंथच छापला. दिल्लीत पुसाच्या कृषी संख्याशास्त्र संस्थेत 1964 साली आयबीएम 1620 संगणक आला. संगणकाला मात्र तक्ता लागत नाही, तो सूत्रानं अंक काढतो. सुरुवातीचा अंक आणि सूत्र ठाऊक असेल त्याला पुढची सारी माळ जशीच्या तशी काढता येते. पाहणीत हे सोयीचंच, कारण निवड पुन्हा तपासता येते. गुप्त संदेशाच्या किल्लीला मात्र हे घातक.

म्हणूनच क्वांटम भौतिकीकडे वळावं लागलं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेनं 2022 च्या सुमारास फोटॉनपासून यादृच्छिक अंक काढणारं यंत्र जाहीर केलं. प्रकाशतंतूला जिथे दोन फाटे फुटतात तिथे आलेला फोटॉन कुठल्या फाट्यानं जाईल, हे सांगणारं सूत्रच निसर्गात नाही. एका फाट्याला शून्य, दुसऱ्याला एक. उपकरणातल्या उणिवांमुळे एक बाजू थोडी जड होते, ती पुढच्या प्रक्रियेत काढून टाकतात.

या यंत्राचे अंक यादृच्छिकतेच्या जगन्मान्य चाचण्यांबरोबरच दिल्लीत बनलेल्या चाचणीसंचातूनही पार पडले. तो संच डीआरडीओच्या ‘सायंटिफिक ॲनालिसिस ग्रुप’चा.  अर्थात चाचणी फक्त दोष पकडते. सूत्रातून निघालेली चांगली माळही तिच्यातून सुटू शकते. खात्री हवी तर अंक कुठून आले हेच पाहावं लागतं, आणि फोटॉनचं खरं मोल इथे आहे.

जून 2025 मध्ये आयआयटी दिल्लीच्या प्रा. भास्कर कंसेरी यांच्या गटानं संस्थेच्या आवारात आणखी एक पाऊल टाकलं. त्यांच्या पद्धतीत किल्लीचे अंक आधी बनवून ठेवावे लागत नाहीत. गुंतलेल्या फोटॉनच्या जोड्या मोजताना ते दोन्ही टोकांना उमटतात. उघड्या हवेतून एक किलोमीटरवर, सेकंदाला सुमारे 240 बिट, एवढी मजल तेव्हा त्यांनी गाठली.