'से' आणि 'टेल' : मराठी मुलाच्या वाटेवरचीं दोन क्रियापदें

परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाटा व त्याच्या भोंवतालचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. तेथील राज्यकारभारांत १८८४ च्या सुमारास फारशीची जागा उर्दूनें घेतली. पुढें १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाचें माध्यमही उर्दूच ठरविलें; इंग्रजी आवश्यक विषय म्हणून राहिली. घरीं मराठी, माध्यमिक शाळेंत उर्दू आणि त्या उर्दूच्या द्वारें इंग्रजी, अशा तिहेरी पेंचांत तेथील मराठी विद्यार्थी वाढला. हा पेंच कसा होता हें पाहावयास 'से' आणि 'टेल' हीं दोन साधीं क्रियापदें पुरेशीं आहेत.

वरवर पाहतां दोहोंचा अर्थ एकच. परंतु 'से'चा भर उच्चारलेल्या शब्दांवर असतो, 'टेल'चा ऐकणाऱ्यावर. म्हणून 'टेल'ला श्रोता सरळ चिकटतो, 'ही टोल्ड मी'. 'से'ला मध्यें 'टू' घालावा लागतो, 'ही सेड टू मी'. 'टेल'चा जुना अर्थ मोजणें असा होता. पेढीवर पैसे मोजून देणारा 'टेलर' हा त्याचाच अवशेष. (कपडे शिवणारा टेलर अगदीं निराळ्या कुळांतला!)

आतां हा भेद मराठीस परका आहे काय? मुळींच नाहीं. आपण प्रार्थना म्हणतों व गोष्ट सांगतों. पाढे म्हणतों व हिशोब सांगतों. इंग्रजही प्रार्थनेस 'से' व गोष्टीस 'टेल' योजतो. 'त्यानें मला जावयास सांगितलें' ह्या आज्ञेच्या वाक्यांतही शिष्ट इंग्रजी 'टेल'च घेते. एवढेंच नव्हे, तर मराठी एक पाऊल पुढें आहे. 'त्यानें सांगितलें', पण 'तो म्हणाला'! 'म्हणणें' सकर्मक असूनही भूतकाळीं कर्तरी प्रयोगांत राहतें. 'शिकणें', 'विसरणें' हीं त्याच्याच पंक्तीचीं.

अडचण येते ती श्रोत्यापाशीं. 'तो मला म्हणाला' आणि 'त्यानें मला सांगितलें', दोन्हीकडे 'मला' एकच. 'ही सेड मी' ही चूक उपजते ती येथें, आळसांतून नव्हे. कर्ता दाखवितांना एवढी काटेकोर असणारी आपली भाषा श्रोता दाखवितांना ढिली पडते. ग्रांथिक उर्दूचें नेमकें उलटें: 'उसने कहा', 'उसने बताया' असा कर्ता दोहोंस सारखाच, पण 'मुझसे कहा' आणि 'मुझे बताया' असे श्रोते निराळे. म्हणजे ह्या एका ठिकाणीं उर्दूची वाट इंग्रजीस जवळची होती. बाजारांतली दखनी मात्र 'मेरे को बोला' म्हणून पुन्हा मराठीच्याच वळणावर जाते.

ह्यावरून तें माध्यम योग्य होतें असें कोणी म्हणेल तर तें घाईचें ठरेल. एका 'टू'ची सोय झाली खरी. परंतु मुलाला जी गोष्ट आईच्या तोंडून आधींच ठाऊक होती, तिचा वर्गांत कोणी उपयोगच करून घेतला नाहीं. प्रार्थना म्हणावयाची व गोष्ट सांगावयाची हें ज्यास जन्मापासून कळतें, त्यास 'से' आणि 'टेल' परक्या भाषेच्या आधारानें घोकावे लागले.

१९४८ नंतर मराठवाड्याच्या शाळांत मराठी माध्यम आलें आणि १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. 'टू' समजावून देण्याचें काम आतां मराठीवरच येऊन पडलें. तिच्याजवळ त्याचें साधनही आहे: 'तो माझ्याशीं बोलला' ह्यांतील 'शीं'.