अफूजन्य वेदनाशामके : दीर्घकालीन वेदनेतील सुरक्षित वापर

खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू होते. अफूतून थेट मिळणारी मॉर्फीन व कोडीन, अफूतील घटकांवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेली ऑक्सिकोडोन व ब्युप्रेनॉर्फीन आणि सर्वस्वी प्रयोगशाळेत तयार होणारी फेंटानिल, मेथाडोन व ट्रामाडॉल ही औषधे अफूजन्य किंवा ओपिऑइड वेदनाशामके म्हणून एकत्र ओळखली जातात. मेंदू, मज्जारज्जू व आतडी यांतील ‘म्यू’ नावाच्या ग्राहींना चिकटून ती वेदनेचा संदेश मंदावतात. त्याच ग्राहींमुळे श्वासाची गती घटते, आतड्यांची हालचाल थंडावते आणि काहींना सुखाची लहर जाणवते. गुण तेवढा घ्यावा आणि धोका वगळावा, अशी सोय या औषधांत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेदनेत ही औषधे द्यावीत की नाहीत हा वाद बहुधा औषध भले की बुरे या अंगाने घातला जातो. पुरावा पाहिला तर प्रश्नच वेगळा मांडावा लागतो. वेदना कोणत्या जातीची आहे, औषधाकडून नेमके काय साधायचे आहे आणि रुग्णावर लक्ष कोण ठेवणार आहे, यांवर ही औषधे सुरक्षित की घातक ते ठरते.

अमेरिका व भारत यांचा १९८० नंतरचा इतिहास हे दोन टोकांनी दाखवतो. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटेसे पत्र छापून आले. रुग्णालयात अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची स्पष्ट नोंद फक्त चौघांची सापडली, एवढाच त्याचा आशय होता. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात काहीच नव्हते. तरीही पुढे शेकडो लेखांनी व्यसनाची भीती निराधार असल्याचा दाखला म्हणून ते पुढे केले. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकाँटिन हे ऑक्सिकोडोनचे औषध बाजारात आणले. त्याच्या प्रचाराबद्दल २००७ मध्ये आणि विक्रीबाबत पुन्हा २०२० मध्ये कंपनीशी संबंधित गुन्हे न्यायालयात कबूल करण्यात आले; तोवर अमेरिकेत घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली होती. भारतात नेमके उलटे घडले. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) आला, त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती, आणि मॉर्फीन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतीचे परवाने लागू लागले. रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. १९९७ पर्यंत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला होता. म्हणजे जो देश जगाला औषधी अफू पुरवतो, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण कण्हत मेले. २०१४ च्या दुरुस्तीने काही औषधांना ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवान्यावर ती ठेवण्याची वाट मोकळी केली. एका देशाने गोळी मोकाट सोडली, दुसऱ्याने कुलूपबंद केली. गोळी घेणाऱ्या माणसाची विचारपूस दोन्हीकडे राहून गेली.

वेदनेची जात हा पहिला मुद्दा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत तोंडाने घ्यायचे मॉर्फीन हे मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या वेदनाशमनाच्या पायऱ्यांत ते वरच्या पायरीवर आहे आणि त्याबद्दल आजही फारसा मतभेद नाही. कंबरदुखी किंवा गुडघ्याच्या संधिवाताची गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेस’ चाचणीत कंबर, खुबा वा गुडघा दुखणाऱ्या २४० माजी सैनिकांचे दोन गट केले होते. एका गटाला अफूजन्य औषधे दिली, दुसऱ्याला इतर वेदनाशामके. वर्षअखेरीस दैनंदिन हालचालींत अफूजन्य गट जराही पुढे नव्हता, आणि औषधांचा त्रास मात्र त्यालाच जास्त झाला. मधुमेहात पायांची आग होते तशा मज्जातंतूंच्या वेदनेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन आधी वापरून पाहतात. मग कर्करोगाखेरीज इतर वेदनांत ही औषधे सरसकट बंद का करू नयेत, असा आक्षेप येतो. तो मान्य करता येत नाही. चाचणीचा निष्कर्ष सरासरीचा असतो, आणि सरासरीत न बसणारे रुग्ण खरोखर असतात. शिवाय उरलेले पर्यायही निर्धोक नाहीत. वर्षानुवर्षे डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्याकडे त्या गोळीची भीती कुणाला वाटत नाही म्हणून तिचा धोका कमी होत नाही. मूत्रपिंड आधीच अधू असलेल्या वृद्धाला कमी मात्रेतली ब्युप्रेनॉर्फीनची पट्टी अधिक सुरक्षित ठरू शकते.

औषध सुरू करतानाच ते कशासाठी आणि किती दिवस, हे ठरलेले असावे. ‘दुखणे शून्यावर आणणे’ हे उद्दिष्ट धरले की मात्रा वाढतच जाते. रात्री सलग झोप लागणे, आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येणे, अशी मोजता येणारी उद्दिष्टे धरली तर औषध उपयोगी पडते आहे की नाही ते काही आठवड्यांत कळते. उपयोग नसेल तर ते कमी करून थांबवतात. सुरुवात लहान मात्रेने आणि लवकर ओसरणाऱ्या प्रकाराने करतात. साध्या मॉर्फीनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला ते दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे देतात. बारा तास पुरणारी गोळी फोडून किंवा कुटून घेतली तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फीनचे अवशेष शरीरात साचून गुंगी वाढते. झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), दारू आणि प्रीगॅबालिन यांच्या जोडीने श्वास मंदावण्याचा धोका कितीतरी वाढतो. कित्येक दुर्घटना अशा जोडीने घडतात, एकट्या औषधाने नव्हे. म्हणून घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा, दाखवणे अत्यंत गरजेचे आहे. ट्रामाडॉल ‘सौम्य’ म्हणून सर्रास लिहिले जाते, पण त्याने आकडी येऊ शकते आणि नैराश्यावरच्या काही औषधांशी त्याचे जमत नाही. २०१८ पासून तेही एनडीपीएस कायद्याखाली आहे. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही; त्यासाठी पहिल्या दिवसापासून सोनामुखीपासून बनणारे सेन्ना किंवा तत्सम रेचक द्यावे लागते. घरोघरी असणारे इसबगोल इथे चालत नाही, कारण थंडावलेल्या आतड्यात ते फुगून अडकू शकते.

फेंटानिलच्या पट्टीबाबत विशेष सावधगिरी हवी. दिसायला ती जखमेवरच्या चिकटपट्टीसारखी निरुपद्रवी असते. त्वचेतून हळूहळू झिरपणारे औषध साधारण ७२ तास पुरते. पहिल्या पट्टीचा परिणाम दिसायलाच निम्मा-अधिक दिवस जातो, आणि पट्टी काढल्यावरही त्वचेत साठलेले औषध कित्येक तास रक्तात उतरत राहते. म्हणून आठवडाभर रोज निदान ६० मिलिग्रॅम मॉर्फीन किंवा त्याच्या तोडीचे औषध ज्याच्या अंगवळणी पडले नसेल, त्याला ती लावत नाहीत. ताप, गरम पाण्याची पिशवी, वैशाखातले ऊन यांनी त्वचा तापली की औषध वेगाने आत जाते. जुनी पट्टी न काढता नवी लावणे ही घरी सहज होणारी, पण जिवावर बेतणारी चूक आहे. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि लहान मुलाच्या हाती लागू द्यायची नाही. रुग्ण हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता झाला असेल, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील, तर त्याला झोप लागली आहे असे समजू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध देता येते.

व्यसनाचा आक्षेप सर्वांत मोठा आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मात्र इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या कोणाचेही शरीर त्याला सरावते. ते एकाएकी थांबवले तर जांभया, नाक गळणे, जुलाब, अस्वस्थता, असा त्रास होतो. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो, त्याचा ताबा सुटतो. पहिली गोष्ट अपेक्षित आहे, दुसरी काहींनाच होते. स्वतःला वा कुटुंबात पूर्वी व्यसन असणे आणि मात्रा मोठी असणे यांनी तिची शक्यता वाढते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०१६ मध्ये मात्रेच्या मर्यादा सुचवल्या तेव्हा त्यांना कडक नियम समजून अनेक रुग्णांचे औषध तडकाफडकी तोडले गेले. असे तोडल्याने तीव्र वेदना, मानसिक खचणे व आत्महत्या असे गंभीर परिणाम होतात, असा इशारा तेथील औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला. २०२२ च्या सुधारित मार्गदर्शनानुसार वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ औषध घेणाऱ्यात कपात महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश असावी. धोका टाळायच्या घाईने रुग्णाला वाऱ्यावर सोडणे हाही धोकाच.

उरतो व्यवहाराचा आक्षेप : बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टर असे लक्ष ठेवणार कसे? केरळने याला उत्तर दिले. १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदना व उपशामक सेवा केंद्रात परिचारिका, स्वयंसेवक व नातेवाईक यांनी हे काम वाटून घेतले आणि मॉर्फीनच्या गोळ्या रुग्णांबरोबर घरी पाठवल्या. डॉ. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दोन वर्षांत अशा १,७२३ रुग्णांवर उपचार होऊनही गैरवापराचे किंवा औषध बाहेर गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, वांद्र्याचे शांती अवेदना सदन आणि पुण्याचे सिप्ला उपशामक केंद्र येथेही उपशामक सेवा मिळते, पण त्यांचा भर कर्करोगावर आहे. केरळच्या आकड्यांवरून कंबरदुखीच्या रुग्णाला वर्षभर गोळ्या देणे सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही. त्याला आधी व्यायाम, फिजिओथेरपी व झोपेची घडी बसवणे हवे, आणि हे शिकवणारे माणूस तालुक्याच्या गावी क्वचितच भेटते. ती जागा रिकामी असते तेथे केमिस्टच्या काउंटरवरचे ट्रामाडॉल ती भरून काढते, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणीच नसते.